चौदाव्या मजल्यावरचं अर्थिंग

१९ जानेवारी २००४, सोमवार
आजपासून समाजसेवा. ठरलं म्हणजे ठरलं. घोडेगावात बसून जळक्या मोटारींचं वाइंडिंग करण्यात अर्धं आयुष्य गेलं, त्याचं कौतुक कोणाला आहे? गिऱ्हाईक येतं, मोटार उचलतं, मागच्या खेपेला लवकर जळली म्हणून चार शब्द ऐकवतं आणि जातं. इंटरनेटवर मात्र एक इंग्रजी मंडळ सापडलंय. जगभरातली माणसं तिथे कॉम्प्युटरच्या अडचणी लिहितात आणि जाणकार फुकटात उत्तरं देतात. उत्तर उपयोगी पडलं की अडचणवाला 'थँक्स'चं बटण दाबतो. भरपूर थँक्स साठले की नावाखाली सोनेरी अक्षरात 'एक्स्पर्ट' असं येतं.
कॉम्प्युटर घेऊन चार महिने झाले, म्हणजे अनुभव आहेच. शिवाय वीज ती वीज. मोटारीत काय आणि कॉम्प्युटरमध्ये काय.
नाव नोंदवलं: सुदर्शन एक्स्पर्ट. हर्षाली म्हणाली, एक्स्पर्ट त्ये लोक देणार ना, तुमी आदीच कसं लावून घेतलं? बायकोला टेक्निकल गोष्टी सांगण्यात अर्थ नाही.

२१ जानेवारी
पहिलं उत्तर दिलं. कॅनडातल्या एका माणसाचा कॉम्प्युटर चालता चालता आपोआप बंद पडतो. डिक्शनरी मांडीवर घेऊन पानभर लिहिलं. मुद्दा एकच, अर्थिंग. घराबाहेर खड्डा काढा, तांब्याची पट्टी सोडा, मीठ आणि कोळसा टाका, वरून रोज बादलीभर पाणी ओता. घोड नदीकाठच्या निम्म्या मोटारी याच्यावर सुखाने चालल्यात.
त्याचं उत्तर आलं, मी चौदाव्या मजल्यावर राहतो.
मग? चौदाव्या मजल्यावर राहायला मी सांगितलं होतं? असा संताप आला की सोल्डरिंग गन हातात असती तर स्क्रीनला लावली असती. पण समाजसेवा म्हटली की डोकं शांत ठेवावं लागतं. लिहिलं, मोठी कुंडी घ्या.

२२ जानेवारी
कुंडीचं उत्तर गायब!
त्या मंडळावर एक मॉनिटर आहे. शाळेत असतो तसलाच, बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहिणारा. फोटोच्या जागी घुबडाचं चित्र. घुबडाने लिहिलंय, सदर सल्ला धोकादायक असल्यामुळे काढून टाकला आहे. धोकादायक! याने आयुष्यात एकदा तरी स्टार्टरचं झाकण उघडलंय का?
दुसऱ्या कोणीतरी त्या कॅनडावाल्याला सांगितलं, आतल्या पंख्यावर धूळ बसली असेल, पुसून बघा. त्या उत्तराखाली लगेच बाकीच्यांची वाहवा. पंखा पुसा म्हणे. एवढं तर हर्षालीसुद्धा सांगेल. काल तिने सांगितलंही होतं, मी लक्ष दिलं नाही.

२५ जानेवारी, रविवार
डिंभ्याहून सासरे आले, रखमाजी. धाकट्या मेहुणीचं, अक्षदाचं लग्न ८ तारखेला, दारातच मांडव. पत्रिका, टॉवेल-टोपी, सगळं रीतसर. थोरला जावई मी एकटा. त्यामुळे मान मोठा. हळदीच्या दिवशी मला न्यायला घरचा माणूस येणार, ही त्यांच्याकडची रीत. मीही स्पष्ट सांगून ठेवलं, माणूस आल्याशिवाय उंबरा ओलांडणार नाही.
जाताना म्हणाले, जावईबापू, इहिरीवरची मोटार लई घुमाय लागलीय. सैपाकाचं, पंगतीचं, समदं पाणी तिच्यावरच हाय. येक डाव बघून जावा. आन् तुमचा फोन काय लागत न्हाई राव.
म्हटलं, लाईनचा प्रॉब्लेम असेल. उद्याच येतो. मोटारीचं वाइंडिंग मी स्वतः केलंय, तिला काय धाड भरलीय?

२६ जानेवारी
डिंभ्याची एसटी आलीच नाही. ही काय सेवा आहे? लोकांनी कामं कशी करायची?
हर्षाली म्हणते, आली होती, दुकानासमोर थांबलीसुद्धा होती. मी नेटवर होतो, मला दिसली नाही. म्हणजे माझ्यापुरती आली नाहीच.

२९ जानेवारी
हिशेब चोख बसवलाय. लाईट आली की नेट, लाईट गेली की दुकान. दोन्हीकडे न्याय.
धंदा मात्र बसलाय. पूर्वी लाईट आली की थोड्याच वेळात कोणाची ना कोणाची मोटार जळायची आणि फोन वाजायचा. आता फोन म्हणून येत नाही. तालुक्यातल्या मोटारी काय अमर झाल्या? स्टँडवरच्या सावळेरामच्या दुकानापुढे तर मोटारींची रांग लागलीय. स्वस्तात करत असणार. तांबं हलकं वापरत असणार. दुसरं कारणच नाही.
हर्षाली म्हणाली, नेट लावलं की फोन येंगेज लागतो, लोकं कट्टाळून त्याच्याकडं जात्यात. मी म्हटलं, खरी गरज असलेला माणूस परत परत लावतो. एकदा लावून सोडून देणाऱ्यांना गरज नसतेच मुळी.

२ फेब्रुवारी
हर्षाली माहेरी गेली. जाताना बजावून गेली, हळदीच्या सकाळी फोन करीन, तवा नेट लावू नगा, आन् त्याच्या आदी येऊन मोटार बघा. अक्षीच्या लग्नात पाण्याची बोंब झाली तर तोंड दाखवाय जागा ऱ्हायची न्हाई. हो म्हटलं. शब्द दिला म्हणजे दिला.
आज इंग्लंडच्या एका बाईंना मदत केली. प्रिंटरमधून कोरे कागद येतात म्हणे. लिहिलं, दोन फेज उलटसुलट करून बघा, मोटार उलटी फिरत असेल. खाली वीस-पंचवीस लोकांनी हसरे चेहरे टाकलेत. लोक खूश आहेत. थँक्स मात्र एकही नाही. माणसं आतून कृतघ्न.

५ फेब्रुवारी
घुबडाचं पत्र. शेवटची ताकीद. म्हणे, माहीत नसेल तिथे उत्तर देऊ नका.
दिवसभर अंगाची आग. लाईट असेपर्यंत बसून त्याला खरमरीत उत्तर लिहिलं. तुमच्या मंडळाला माझ्यासारख्या माणसाची गरज आहे, मला तुमची नाही. मग लाईट गेली आणि सगळं पुसलं गेलं. परत लिहावं लागलं. दुसऱ्यांदा जास्त कडक झालं.
डिंभ्याला जायचं राहिलं. उद्या नक्की.

६ फेब्रुवारी
विजय! कॅनडावाल्याचा खाजगी निरोप आला. घुबडाने उत्तर काढायच्या आधी त्याने वाचलं होतं. त्याने कुंडी केली! मीठ टाकलं, कोळसा टाकला, रोज पाणी ओतलं. आता पाणी फरशीतून झिरपून तेराव्या मजल्यावरच्या बाईंच्या टीव्हीवर ठिबकतंय आणि त्या पोलिसांना बोलवायच्या गोष्टी करतायत. पुढे काय करू, असं विचारतोय.
माझा सल्ला शब्दशः पाळणारा जगातला पहिला माणूस. याला वाऱ्यावर कसा सोडू? सध्याच्या काळात एवढी श्रद्धा कोणाकडे असते? घरात तर नाहीच.

७ फेब्रुवारी, शनिवार, सकाळी
आज हळद. लाईट आहे. हर्षालीचा फोन यायचा म्हणून नेट लावणार नाही. फक्त कॅनडावाल्याला दोन ओळी टाकतो आणि बंद करतो.

दुपारी
दोन ओळींत भागलं नाही. त्याने कुंडी उचलायचा प्रयत्न केला, ती फुटली. धीर देतोय. शटर अर्धं ओढून घेतलंय, गिऱ्हाइकांची कटकट नको.
तरी एक जण आलाच. शटर बडव बडव बडवलं. मागे वळून बघायलाही फुरसत नव्हती. बसल्या जागेवरून ओरडलो, दुकान बंद आहे, मोटार जळली असेल तर सावळेरामकडे न्या. तो काहीतरी बोलत राहिला. मग मात्र डोकं फिरलं. म्हटलं, चालता हो, नाहीतर तुझ्यासकट तुझी मोटार रस्त्यावर फेकतो. गेला. असं बोलल्याशिवाय लोकांना कळतच नाही.

संध्याकाळी
लाईट गेली. न्यायला कोणी आलं नाही. फोन नाही. बायकोचासुद्धा नाही. नवा जावई मिळाला तर थोरल्याची ही किंमत? ते वाट बघतील, मी जाणार नाही. नव्या शर्टाला इस्त्री केली होती, ती उगाच केली.

८ फेब्रुवारी, रविवार, सकाळी
जातोय. मानासाठी नाही. चारचौघांत त्यांना चार शब्द सुनवायला जातोय. एसटीत पाठ करत जाईन.

९ फेब्रुवारी
चार शब्द सुनवले गेले. मी नाही सुनवले.
मांडवात शिरलो तर पहिल्या पंगतीला, पाटावर, गुलाबी फेटा बांधून सावळेराम. माझ्या पाटावर! फेटासुद्धा माझ्यासाठी आणलेला असणार. विचारायला सासऱ्यांकडे निघालो तेवढ्यात हौशीराम आडवे आले, हर्षालीचे चुलते. सगळ्यांसमोर म्हणाले, या. मोटारीसकट फेकणार व्हतास ना मला?
शटर बडवणारे ते होते. हळदीच्या सकाळीच विहिरीवरची मोटार जळाली. हर्षालीने फोन लावला, सासऱ्यांनी लावला, शेजारच्या दुकानदाराने लावला, एंगेजच. मग सासऱ्यांनी हौशीरामना जीप करून घोडेगावला धाडलं. जावयालाही आणा आणि मोटारही दुरुस्त होईल, एका खेपेत दोन कामं. न्यायला आलेला माणूस म्हणजे ते. हौशीराम म्हणाले, तूच म्हनला ना, सावळेरामकडं न्या? आमी त्याच्याकडंच गेलो. त्यो हातातलं जेवान टाकून आला गड्या. इहिरीत उतरून मोटार काढली, दुसरी बसवली, तवा कुठं हळदीचं पाणी तापलं.
एसटीत पाठ केलेले चारही शब्द विसरलो. सावळेराम पाटावरून उठायला लागला तर सासूबाईंनी त्याला खांद्याला धरून खाली बसवला.
मग रखमाजी आले. मला वाटलं, आता ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, पावणं, उभं का? बसा तिकडं, जेवून घ्या.
पावणं. पाच वर्षं मला जावईबापू म्हणणारा माणूस. एसटीतून उतरलेल्या कोणालाही म्हणतात तसं, पावणं.
मागच्या पंगतीत, अनोळखी माणसांत बसलो. वाढायला हर्षाली आली. बुंदी वाढली, पाणी वाढलं, चेहरा वर केला नाही. घरी कधी येतेस, एवढंच विचारलं. म्हणाली, तुमच्या नेटवरच्या मान्सास्नी लागंल ना मदत, त्येंचं आवरू द्या आदी.
पाण्याचा तांब्या तसाच ठेवला.

१० फेब्रुवारी
घुबडाने माझं खातं कायमचं बंद केलं. मंडळावर बाहेरून डोकावता येतं, लिहिता येत नाही. कॅनडावाल्याने सगळ्यांसाठी लिहून ठेवलंय, शेवटी पंखा पुसला, कॉम्प्युटर व्यवस्थित चालू आहे, सर्वांना थँक्स, फक्त एका सद्गृहस्थांना सोडून. या लोकांना कधी माणसं ओळखता येणार नाहीत. घुबडाच्या वरचा कोणी साहेब असेलच. त्याला लिहिणार आहे.

११ फेब्रुवारी
साहेबाला लिहिलं नाही.
सकाळी लाईट आली. कॉम्प्युटरमधली फोनची वायर उपटली आणि फोनला लावली. शटर पूर्ण वर केलं. मोटारीची वाट बघत बसलो. कोणी आलं नाही. समोरून दोन मोटारी गेल्या, सायकलच्या कॅरिअरला बांधून, स्टँडच्या दिशेने.
दुपारी फोन वाजला. इतक्या दिवसांनी वाजला की दचकून स्टुलावरून उठताना टेस्टर पायावर पाडून घेतला. पहिल्या घंटीलाच उचलला. पलीकडे हर्षाली. मी भडाभडा बोलायला लागलो, वायर काढलीय, खातं बंद झालंय, तू ये, उद्या स्वतः येऊन सासऱ्यांच्या पाया पडतो.
ती मध्येच म्हणाली, लागला की ओ फोन. मी आपलं बघत व्हते, लागतोय का.
आणि ठेवून दिला.
अजून लाईट आहे. नेट लावलेलं नाही. मी फोनपाशीच बसून आहे.