आईच्या नावाची नळी

३ मार्च
ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

आमच्या आरोग्य पाहणीची माणसं तुमच्या गल्लीत घरटी एकाचं रक्त घेऊन गेली. त्या नळ्या माझ्याच टेबलावर आल्या. रक्त गोठू द्यायचं, यंत्रात गरगर फिरवायचं, वर आलेलं पिवळसर पाणी तपासायचं, हे माझं काम. नळीवर नाव नसतं, नुसता क्रमांक असतो. एका नळीत किडनीचा आकडा फार चढलेला निघाला, म्हणून डॉक्टरांनी क्रमांकावरून नाव शोधलं. आई, ते तुझं निघालं.

पाय सुजतात का? थकवा येतो का? सुई म्हटलं की तुझी गाळण उडते, ठाऊक आहे. पण हे अंगावर काढू नकोस. मावशीला सोबत घे आणि लगेच निघून ये. माझा जीव टांगणीला लागलाय.
तुझीच,
बबी

७ मार्च
चि. बबीस,
अनेक आशीर्वाद.

मला काही धाड भरलेली नाही. दोन वेळा पोटभर जेवते, आणि तुझ्या मावशीशी भांडायलाही दम पुरतो. तीच हल्ली भांडण अर्ध्यावर टाकून आडवी होते, आळशी कुठली! तुमच्या यंत्राचंच डोकं फिरलं असेल. उगाच राईचा पर्वत करू नकोस.
तुझी आई

१० मार्च
ती. आईस,
सा. न.

पुन्हा तपासलं, आकडा तोच. डॉक्टर म्हणाले, आत्ता आल्या तर औषधांवर भागेल, थांबल्या तर हाताबाहेर जाईल. मला घास जात नाही. हात जोडते, ये.
बबी

१३ मार्च
चि. बबीस,
अनेक आशीर्वाद. शिव्या भेटल्यावर दे.

ते रक्त माझं नाही. नाव पुकारलं तेव्हा सुई बघून मी मागे सरले. मावशी म्हणाली, तू बस, त्यांना रक्ताशी मतलब, हात कुणाचा का असेना. माझ्या नावावर तीच खुर्चीत जाऊन बसली. नंतर आम्ही दोघी पोट दुखेपर्यंत हसलो.

तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा, ते माझं नाही म्हणून मला हायसं वाटलं, आणि यंत्राला नावं ठेवून मी गप्प बसले. स्वतःची लाज वाटते. तिच्या चपला संध्याकाळी पायात शिरत नाहीत, हे मी किती दिवस बघतेय आणि वर चिडवतेय!

आम्ही दोघी सोमवारी येतोय. डॉक्टरांना सांगून ठेव, या खेपेला तिचं रक्त तिच्याच नावाने घ्या. तिला अजून काही बोलले नाही. मला तपासून घ्यायला जायचंय, एकटीला भीती वाटते, एवढंच सांगितलं. तशी ती सुजल्या पायांनी उठली आणि माझी पिशवी भरायला लागली.

माझ्यावर राग असू दे, तिच्यावर लोभ ठेव.
तुझी आई