मुकी पट्टी

ऑस्टरसुंद, मार्च १९५८

प्रिय सिक्स्टन,

काल रेडिओवर तुझी ती दोन पानी पियानोची रचना लागली होती. निवेदक म्हणाला, ही पत्नीला अर्पण केलीय आणि मधली एक पट्टी मुद्दाम टाळलीय. तो म्हणे प्रेमातला संयम. कसला संयम? माझ्या पियानोची ती पट्टी मुकी होती, आणि तू इथंच बसून रचना केलीस, माझी कॉफी पीत. हे पत्र मी टाकणार नाही. तुझं टपाल तुझी बायको गुनवोर उघडते.

सकाळी पियानो लावणारा हल्वार येऊन गेला. "बाई, बावीस वर्षं ही अशीच ठेवलीत? कमाल आहे तुमची," म्हणाला.

आता ती वाजते. मी दिवसभर तेवढीच वाजवतेय. या घरात तुझ्या हातून कधीच न वाजलेली ती एकच आहे.

अल्फहिल्ड