दुसरा माणूस असल्याशिवाय बॉनेट उघडू नये

मी, खाली सही करणारा, धंद्याने मोटार मेकॅनिक आणि हल्ली धंद्याने पेशंट, हे मृत्युपत्र स्वतःच्या मर्जीने लिहून ठेवत आहे. कोणी दडपण आणलेले नाही. आणायला घरात कोणी नाही. फुप्फुसे कामातून गेली असे डॉक्टर म्हणतात. डोक्याबद्दल त्यांची तक्रार नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. केले होते असे कोणी म्हणाले तर ते खोटे समजावे.

१. बायको वारली. मागे एक मुलगा व एक मुलगी. मुलगा थोरला, लांबच्या शहरात नोकरीला. मुलगी धाकटी. ती दुकानांतले वजनकाटे तपासते, आणि त्यासाठी लागणारी वजने डिकीत घालून गावोगाव एकटी हिंडते.

२. राहते घर, म्हणजे वरच्या खोल्या व खालचे गॅरेज, दोघांना निम्मे निम्मे. दोघांनी मिळून घर सांभाळावे अशी अट घाला, असे वकिलांनी सुचवले. मी घातली नाही. अटीने माणसे एकत्र येतात ती कोर्टात. आई गेल्यावर मुलाने तिची गाडी विकायला गिऱ्हाईक ठरवले आणि मुलीने त्याच सकाळी गाडी काढून नेली. तेव्हापासून दोघांत विस्तव जात नाही. मी समजावून पाहिले, पण पालथ्या घड्यावर पाणी.

३. बँकेतली शिल्लक दवाखान्याचे बिल भागवून उरली तर मुलाला. उरेल असे वाटत नाही.

४. हत्यारे माझ्या जुन्या जोडीदाराला, म्हणजे शेजारच्या गाळ्यातल्या वेल्डरला. दहाचा पाना त्यात नाही. तो शोधू नये, कोणत्याच गॅरेजात तो सापडत नाही.

५. गाडी. कागदोपत्री ती अजून माझ्या नावावर आहे. ती मुलीला द्यावी. पण गाडीत एक खोड आहे, आणि खोड लपवून गाडी देणे माझ्या धंद्यात बसत नाही. इंजिन चांगले तापले की ती चालता चालता बंद पडते. रोज नाही. महिनाभर सुतासारखी सरळ चालेल आणि मग भर उतारावर, मागे ट्रक असताना गप होईल. इंजिन गेले की ब्रेक दगडासारखा होतो. एक दिवस ही गाडी माझ्या मुलीचा घात करील, ही एकच भीती मी सोबत घेऊन जाणार आहे. दुसरी गाडी घे म्हटले तर ती ऐकत नाही. आईची आहे, म्हणते.

मी पेट्रोल पंप बदलला, फिल्टर बदलला, कॉइल दोनदा बदलली, वायरिंग नवे ओढले. गाडी बंद पडली की मुलगी फोन करायची, मी स्कूटर काढून जायचो, आणि मी पोचलो की बाईसाहेब पहिल्या सेल्फला चालू. मग ती पुन्हा बंद पडावी म्हणून आम्ही दोघे तासन्‌तास फिरायचो. ती काही पडायची नाही. त्या फेऱ्यांत मुलगी बोलायची: काट्याखाली चुंबक लावणारा दुकानदार, ऑफिसातला साहेब, तिच्या खोलीतली ओल. एरवी आमचे बोलणे म्हणजे ‘जेवलात का’ आणि ‘जेवलो’. त्या फेऱ्या मला फार आवडायच्या. तोंडाने कधी म्हणालो नाही, म्हणून इथे लिहितो.

मध्यंतरी फोन येईनासे झाले. मला वाटले, खोड आपोआप गेली. पण वेल्डरने तिला पुलाजवळ पाहिले. बॉनेट वर, आणि ती कठड्यावर बसून डबा खात होती. बाबांना सांगू नका, म्हणाली त्याला. तो पोटात ठेवणारा माणूस नाही.

मी तिला फोन लावला.

“बाबा, तुम्ही येणार कसे? जिना उतरताना दोनदा बसता.”

“बसेन. पण तू फोन कर.”

“तुम्ही येईपर्यंत ती चालू होतेच ना. मग कशाला?”

फोन ठेवल्यावर फार वाईट वाटले.

६. कोपऱ्यावरच्या ऑटो इलेक्ट्रिशियनने गाडी आठवडाभर ठेवून घेतली आणि सांगितले की दोष गाडीत नाही, चालवणारीच्या पायात आहे. नाचता येईना अंगण वाकडे. या गाडीतून काढलेल्या चांगल्या भागांचे खोके त्याला द्यावे. त्यात दोष शोधत बसावे.

७. दवाखान्यात पडल्या पडल्या मला दोष नाही सापडला, पण तो का सापडत नाही ते सापडले. मुलीला गाडी शिकवताना मी घोकवून घेतले होते: बंद पडली की किल्लीला हात लावण्याआधी बॉनेट उघडायचे. ती उघडते. ऊन असो, पाऊस असो, लगेच उघडते. मी पोचेपर्यंत इंजिन निवते आणि दोष निघून जातो. दुसऱ्या कोणाची मुलगी असती तर तिने बापाचे ऐकले नसते आणि दोष केव्हाच हाती लागला असता.

तेव्हा मुलीस सूचना: बॉनेट उघडल्या उघडल्या, इंजिन तापलेले असतानाच, एका प्लगची वायर काढून तिला जुना प्लग लावावा, तो इंजिनच्या लोखंडाला टेकवावा आणि सेल्फ मारावा. ठिणगी पडली तर दोष पेट्रोलचा, नाही पडली तर करंटचा. मग पुढचे काम कोणीही करील. मात्र हे एकट्याने होत नाही. किल्ली फिरवायला एक लागतो आणि ठिणगी बघायला दुसरा. वाटेवरचा कोणीही चालणार नाही. ठिणगी निळी की पिवळट, हे ओळखायला डोळा लागतो. वेल्डरची नजर वेल्डिंगच्या काचेमागे अधू झाली. तो डोळा आता फक्त मुलाला आहे, माझ्याच गॅरेजात तयार झालेला.

म्हणून मी मुलाला फोन केला. महिनाभर इकडे ये, बहिणीबरोबर फीर, म्हणालो. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतले.

“बाबा, मी तेव्हाच विका म्हणालो होतो.”

फोन मीच ठेवला.

८. घर देता येते, हत्यारे देता येतात, गाडी देता येते. दुसरा माणूस देण्याची कायद्यात सोय नाही. वकिलांना विचारून घेतले. ते नाही म्हणाले.

वाचून पाहिले, बरोबर आहे. या कागदाला दोन माणसे लागतात, ती एका हाकेत आली.

सही (वाकडी आली, पण माझीच आहे)

साक्षीदार: १. डॉक्टर २. समोरच्या दुकानातला शिंपी
दोघांनी माझ्यासमोर व एकमेकांसमोर सही केली.

स्थळ: राहते घर, जिन्याजवळची खोली
तारीख: आजची, मंगळवार, दुपार