पिवळ्या विमानाचा नंबर

केज,
१२ जानेवारी २०२५

ती. दादास,
सुरेखाचा सा. न. वि. वि.

चौसाळ्याच्या स्टँडवर माझ्या पत्र्याच्या पेटीवर आपण दोघं बसलो होतो, आठवतं? तू हवाई दलातून रजेवर आला होतास आणि मला नन्सच्या बोर्डिंगला पोचवायला निघाला होतास. एसटी दोन तास आली नाही. पेटीवरच्या धुळीत तू बोटानं विमानं काढत होतास, आणि नुसती शेपटी बघून नाव ओळख म्हणत होतास. मी सगळी चुकले. तरी गूळ-शेंगदाणे मलाच दिलेस. मी शिकले ते तुझ्यामुळे, हे सांगायला मला माझ्या पासष्टीची वाट बघायची नाही, म्हणून आज लिहून टाकते.

आठवण निघायला कारण घडलं. नात आरोही विमान चालवायला शिकणार, म्हणून तिला सोडायला लातूरकडच्या छोट्या विमानतळावर गेले होते. तिथं शेडमागे बाभळीखाली एक जुनं पिवळं विमान उभं आहे. पाटीवर लिहिलंय, ‘हार्वर्ड, लढाऊ विमान’. राखणदार तर छातीठोक सांगत होता की बाई, हे लई जुनं हाय, ह्यानं पाकिस्तानवर बॉम्ब टाकलेत. नाक निमुळतं, आकाशाकडे वर केलेलं. शेपटी जमिनीला टेकलेली. आत दोन जागा, एकामागे एक. चाकांच्या पायांवर गंज आहे. माझी पुन्हा चूक नको, म्हणून फोटो छापून पाठवतेय. इंजिनांनी तुझे कान खाल्ले, फोनवर तू नुसता हां हां करतोस, तेव्हा पत्रानंच कळव.

दोन्ही गुडघ्यांना तेल लावतोस ना? माया आहे तशीच राहू दे.

तुझी,
सुरेखा


चौसाळा,
१८ जानेवारी

चि. सुरेखास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

फोटो पोचले. तेल लावतो. त्या राखणदाराला म्हणावं, हार्वर्डचं नाक पिपासारखं गोल असतं, आणि उडताना त्याचे पाय पोटात जातात. ह्याचे पाय जागेवरच राहतात. हे एचटी-टू हाय, बंगळूरला बनलेलं. ह्यानं कुणावर बॉम्ब टाकला न्हाई, पोरांना उडायला शिकवलं. दहा वर्षं मी ह्याच जातीच्या विमानांचा फिटर होतो.

आता जे कुणाला सांगितलं न्हाई ते तुला लिहितो. आमच्याकडं फळीवर प्रत्येक हत्याराची आकृती रंगवलेली असे. संध्याकाळी मोजणी व्हायची, एकही आकृती रिकामी दिसता कामा नये. ८३ सालच्या खंडेनवमीला आम्ही हत्यारं उतरवून पूजेला मांडली. पूजलेल्या हत्याराला दसरा सरेस्तोवर हात लावायचा न्हाई, म्हणून कुणी मोजलं न्हाई. दसऱ्यानंतर हत्यारं परत टांगली, तर माझी एका पान्याची आकृती रिकामी. नवमीला पूजेआधीच्या गडबडीत एका विमानाच्या शेपटीत काम केलं होतं, ठीक आहे म्हणून सहीही केली होती. पाना तिथं तारांत अडकला असता तर विमान वळलंच नसतं. आणि ते त्याच सकाळी एका शिकाऊ पोराला घेऊन वर गेलेलं.

केजचा हैदर माझ्या शेजारच्या फळीवर होता. त्यानं काही न बोलता स्वतःचा पाना माझ्या फळीला लावला. विमान सुखरूप उतरलं, पुढच्या फेरीला पुन्हा वर जाणार होतं. पण दुपारी बदलीची गाडी होती आसामला, आणि मी तोंड न उघडता गाडीत बसलो. महिन्यानं हैदरचं पाकीट आलं. पोरगा गेला असं त्यात असंल, ह्या भीतीनं मी ते न फोडताच शेगडीत टाकलं. पुढं हैदर निवृत्त होऊन केजला आला, मी चौसाळ्याला. त्याच्या दारात कधी गेलो न्हाई.

पुढच्या जागेत एक धातूची पट्टी असती, तिच्यावर नंबर असतो. शेवटचे तीन आकडे ६३१ असले तर हे तेच विमान, म्हणजे ते पडलं न्हाई. एवढं बघून ये. आता डोळेही साथ सोडायलेत, जास्त उशीर नको.

दादाचे आशीर्वाद


केज,
२७ जानेवारी

ती. दादास,
सुरेखाचा सा. न. वि. वि.

नंबर ६३१ आहे. हे आधी लिहिते, बाकीचं सावकाश वाच.

विमानातलं कळणारं माणूस सोबत हवं, म्हणून हैदरभाईंच्या मुलाला, मतीनला, त्याच्या गॅरेजमधून उठवून नेलं. तुझ्या पत्रातलं अक्षरही त्याला सांगितलं नव्हतं. तिथल्या साहेबांनी परवानगी दिली, मतीननं पट्टीवरची धूळ चिंधीनं पुसली आणि आकडे दोनदा वाचले. मग म्हणाला की मावशी, हा तर अब्बाचा नंबर हाय, ह्या विमानानं त्यांची बढती खाल्ली.

परतताना तो मला घरी घेऊन गेला. त्याच्या आईनं, यास्मिन भाभींनी, चहा ठेवला आणि सगळं सांगितलं. तुझी गाडी सुटली तशी हैदरभाईंनी पुढची फेरी थांबवायला लावली, शेपटी उघडली आणि पाना काढला. पाना कुणाचा असं साहेबानं विचारलं, तेव्हा रिकामी फळी त्यांचीच होती. नोंद लाल शाईनं त्यांच्या नावावर झाली. तुला पाठवलेल्या पाकिटात एवढंच होतं की पाना मिल्या, फिकर नक्को.

तू का येत नाहीस हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. दर ईदला विचारायचे म्हणे, राधाकिशन कावून येईना, आपलं काई चुकलं का? चार वर्षांपूर्वी ते गेले. पाकीट तू फोडलंच नाहीस हे मी भाभींना सांगितलं, माझ्यावर रागव. त्यांनी माझा कप परत भरला. मग तुझ्याबद्दल म्हणाल्या, की मेरे भाई ने चालीस साल उगाच सोसलं.

दादा, त्या विमानानं पुढं किती पोरांना शिकवलं असेल. ती सगळी कुठंतरी आजोबा झाली असतील. मला हैदरभाईंचे आभार मानायचे होते, कुठं मानावेत कळेना, म्हणून भाभींच्या हातात हात देऊन बसले.

तुझी माया अशीच मिळत राहो.

सुरेखा


चौसाळा,
१ फेब्रुवारी

चि. सुरेखास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं, अंगणात उन्हात बसून. रागवत न्हाई. शुक्रवारी केजला येतोय. त्याआधी पुतण्याबरोबर सामान पाठवतो, ते असं वाटून दे.

तुरीची डाळ तुला, आणि तेवढीच यास्मिन भाभींना. हुरडा आरोहीला, मैत्रिणींना देईल, पण शिकवणाऱ्या साहेबांनाही दे म्हणावं. माझी हत्यारपेटी मतीनला. बंद पाकीट विमानतळावरच्या साहेबांना. त्यात ह्या विमानाचं खरं नाव हाय, आणि त्या नवमीचं सगळं माझ्या सहीनिशी लिहिलंय. तिथं हत्यार धरायला शिकणाऱ्या पोरांना वाचून दाखवा म्हणावं, माझं नाव गाळू नका.

डबीत उत्तम सेवेचं पदक हाय. लाल शाईची नोंद नसलेल्याला मिळतं ते. ते यास्मिन भाभींचं. पण ते तू देऊ नको, ते मी माझ्या हातानं देईन. तू फक्त सोबत चल, आणि त्यांच्या दाराशी पहिली हाक तू मार.

दादा