विलगीकरणातली लग्नपत्रिका

सोलापूर, शुक्रवार सकाळ

आदरणीय व्याही रामहरीराव ओहोळ, मुक्काम जेऊर, यांना धोंडिराम शिवशरण याचा मनापासून जयभीम.

तुमची तब्येत उत्तम असेल, विहीणबाईंचा गुडघा आता जिना चढू देत असेल आणि धरणाकाठची तुमची मोटार पुन्हा जळाली नसेल, अशी आशा करतो. (गेल्या खेपेला मोटार जळाल्याचे तुम्ही सांगितलेत तेव्हा मी ‘वा, छान झाले’ म्हणालो. मला ‘मिळाली’ असे ऐकू आले होते. राग नसावा.) इकडे मी आणि चांगुणा दोघे बरे आहोत. माझे ब्लडप्रेशर जरा वर आहे, ते कशाने हे पुढे येईलच. आमचे शेजारी गुरुबसप्पा केळीचा सौदा करायला उद्या तुमच्याच भागात येत आहेत, त्यांच्या हाती हे पत्र देतो. आजच्या काळात पत्र का, असे तुम्हाला वाटेल. पण झाले ते इतके लांबलचक आहे की माझ्या बटणाच्या फोनची बॅटरी पुरणार नाही, आणि मधले काही सुटले तर तुमचा भलताच समज व्हायचा.

विषय आपल्या धम्मप्रियाच्या आणि तुमच्या सतीशच्या लग्नाच्या पत्रिकेचा आहे. मुलीच्या वडिलांनी स्वतः वाचून पसंत केल्याशिवाय पत्रिका छापायची नाही, असे तुम्ही ठरवलेत. असा मान मला आजवर कुणी दिलेला नाही. एकुलती एक मुलगी, तिच्या लग्नाचा पहिला कागद, त्यात माझ्याकडून काही कमीजास्त झाले तर जन्मभर मनाला लागेल. धम्मप्रियाला मी पुण्याला फोन करून विचारले की तूच बघतेस का. ती म्हणाली, ‘पप्पा, मान तुमचा आहे, तुम्हीच बघा, माझं बँकेत ऑडिट चाललंय.’ तेव्हा तुमच्या तिकडच्या छापखान्याने पत्रिकेचा नमुना घरच्या कॉम्प्युटरवर पाठवला. इथपर्यंत सगळे सुरळीत होते.

आता हा कॉम्प्युटर. तो धम्मप्रियाचा, कॉलेजात असतानाचा. पुण्याला नोकरीला जाताना तिने तो मला दिला आणि माझ्यासाठी त्यातली सगळी भाषा मराठी करून ठेवली. मी सातवीपर्यंत शिकलेला, पण वाचायला कंटाळत नाही, त्यामुळे तो पडद्यावर जे जे लिहितो ते मी पूर्ण वाचतो. (धम्मप्रिया म्हणते की इथेच माझी चूक होते, बाकीचे लोक वाचत नाहीत म्हणून सुखी आहेत.) तो फार हळू चालतो. बटण दाबावे, चांगुणाने भाकरी थापायला घ्यावी, आणि टोपली भरत आली की पडदा उजळतो. मग एक गोल चक्र फिरत बसते. ते फिरते म्हणजे काम चालू आहे की थांबले आहे, हे मला अजून कळलेले नाही. तुम्ही रेल्वेत सिग्नलवर होतात. तुमच्याकडे फिरणारा सिग्नल असा काही प्रकार होता का? लाल कळतो, हिरवा कळतो. फिरणाऱ्यावरून माणसाने काय समजायचे?

मी महापालिकेच्या पाणीपुरवठ्यात चावीवाला होतो, म्हणजे कुठल्या भागाचे पाणी कधी सोडायचे ती चावी फिरवायची. त्यामुळे काहीही हळू आले की माझ्या डोक्यात पहिले येते, मध्येच कुणीतरी ओढते आहे. गुरुबसप्पांनी मला एक तक्ता उघडून दाखवला. त्यात कॉम्प्युटरमधले कोण किती काम खाते आहे त्याचे आकडे सारखे वरखाली होत असतात. रामहरीराव, तो तक्ता बघत मी दुपारभर बसलो. टीव्हीपेक्षा चांगला आहे. आणि त्यात सगळ्यात वर, सगळ्यात जास्त ओढणारा कोण निघाला? चोर नव्हे. सुरक्षा! विषाणू आत येऊ नयेत म्हणून जो राखणदार बसवला आहे तोच सगळा जोर खाऊन बसला होता. तो प्रत्येक फाइल उघडून बघतो, झाले की पुन्हा पहिल्यापासून बघतो. घर राखायला तो इतका राबतो की घरातल्यांना काही करायला जागाच उरत नाही. बरे, हे विषाणू मुळात राहतात कुठे? कॉम्प्युटरचा डबा उघडून मी आतून फडके मारले, तर नुसती धूळ आणि एक मेलेले झुरळ. झुरळ हा विषाणू नव्हे, असे गुरुबसप्पा म्हणाले.

पुढची हकिगत माझ्या भित्रेपणाची आहे. एके दिवशी पडद्यावर लाल अक्षरे आली, ‘आपले संरक्षण संपले आहे.’ या वयात सकाळी सकाळी असे वाक्य कुणाला वाचायला लावू नये. खाली ‘मोफत तपासणी’ असे हिरवे बटण होते. हिरवे दिसले म्हणून दाबले. तर दुसरा राखणदार आत आला, आणि पहिला काही गेला नाही. मग तक्त्यात दोघेही वर. गुरुबसप्पा कपाळाला हात लावून म्हणाले, ‘काय की हो शिवशरणकाका, दोन वॉचमन ठेवलाय तुम्ही! हा त्याची झडती घेतोय, तो ह्याची घेतोय, दार कोण बघायचं?’ त्यानंतर कॉम्प्युटर सुरू व्हायला भाकरी होऊन कालवणही होऊ लागले.

आणि नेमकी त्याच वेळी तुमची पत्रिका आली. नाव दिसले, ‘लग्नपत्रिका’. मला इतका आनंद झाला की चांगुणाला हाक मारली, चष्मा पुसला, आणि वाचायला वाकलो तर पडद्यावर, ‘धोका आढळला. लग्नपत्रिका विलगीकरणात ठेवली आहे.’ चांगुणा म्हणाली, ‘व्याह्यांच्या घरात कुणाला सर्दी-खोकला हाय का, इचारा की.’ (तिचे मनावर घेऊ नका. ती काळजीने म्हणाली.)

विलगीकरण म्हणजे काय हे आम्हाला कुणी शिकवायला नको. करोनात आम्हा दोघांना एका वसतिगृहात ठेवले होते. अंडी मिळायची, जवळ कुणी यायचे नाही, आणि मुदत संपली की आपोआप घरी सोडायचे. त्यामुळे आम्ही शिस्त पाळली. कॉम्प्युटर बंद करून मागच्या खोलीत ठेवला, खिडकी उघडी, दार लोटलेले. चांगुणा त्या खोलीत गेली की हात धुवायची. मी बाहेरूनच डोकावून बघायचो. आमची मुदत जेवढी होती तेवढे दिवस भरले, तेव्हा मोठ्या आशेने बटण दाबले. पत्रिका जिथल्या तिथे! सुटका नाही, तपासणी नाही, काही नाही.

मग मात्र धीर सुटला. डबा चादरीत गुंडाळून मांडीवर घेतला आणि रिक्षाने नवी पेठेत सिद्धनाथच्या दुकानात गेलो. (रिक्षावाला वाटभर आरशातून बघत होता. शेवटी म्हणाला, ‘चाचा, चद्दर में बकरी हय क्या?’ मी म्हटले, बकरी असती तर आतापर्यंत ओरडली असती. तो म्हणाला, ‘उसीच वास्ते पूछ्या, ओरडी नै.’) सिद्धनाथ दुरुस्तीतला जुना माणूस, पण तोंडाने तिखट. माझे सगळे ऐकून म्हणाला, ‘आजोबा, हे विलगीकरण म्हंजी दवाखाना न्हाय, लॉकअप हाय. तुमी सोडवल्याबिगर सुटत न्हाय. आन् तुमी हात धुत बसला व्हय?’ मी विचारले, पण लग्नपत्रिकेने केले काय? तेव्हा कळले की छापखान्याने ती कुलूप लावून पाठवली होती. आत काय आहे ते दिसले नाही की राखणदाराला संशय येतो, शिवाय हल्ली पत्रिकेच्या नावाखाली लुबाडणाऱ्या फायली फार फिरतात. त्याने दुसरा राखणदार काढून टाकला, पहिल्याला शांत केले, आणि सांगितले की घरी जाऊन ‘परत आणा’ दाबा, पण पाठवणारा ओळखीचा असेल तरच.

मी काल घरी आलो. कॉम्प्युटर खरेच जलद झाला आहे, चांगुणाची एक भाकरी होईपर्यंत सुरू होतो. मी ‘परत आणा’ दाबले. तर त्याने विचारले, ‘या पाठवणाऱ्यावर आपला विश्वास आहे का?’ खाली तीन चौकोन. ‘नाही.’ ‘फक्त या वेळी.’ ‘नेहमीसाठी.’

रामहरीराव, छापखान्याने पाठवली तरी पत्रिका तुमची, असा प्रश्न कुणी मुलीच्या बापाला विचारतो का? मी हात मागे घेतला. ‘नाही’ दाबायचा तर प्रश्नच नाही. ‘फक्त या वेळी’ म्हणजे पुढच्या वेळी काय? आणि ‘नेहमीसाठी’ दाबावे तर नेहमी हा शब्द मोठा आहे, मी तो चांगुणाच्या बाबतीतही तोंडाने उच्चारलेला नाही. शिवाय दाबलेले बटण पाठवणाऱ्याला कळते की नाही, हेही मला माहीत नाही. तुम्हाला कळते का? चांगुणा पाठीमागून म्हणाली, ‘पोटची पोरगी द्यायला निगालाय, आन् बटण दाबाय हात कापतोय व्हय?’ पण मला तुमच्या माघारी तुमच्याबद्दल यंत्राला काही सांगणे बरे वाटेना. म्हणून आधी तुम्हाला कळवून मगच दाबावे, असे ठरवले.

राहिली एक गोष्ट. परवा तुमचा फोन आला, ‘पत्रिका पाहिली का, छापायला देऊ का?’ मी म्हणालो, ‘शब्दन् शब्द वाचला, एकही चूक नाही, द्या.’ ती तेव्हा लॉकअपमध्ये होती. पण तुमच्या हातून चूक होणार नाही याची मला खात्रीच होती, म्हणून न वाचता वाचली असे म्हटले तरी फारसे खोटे होत नाही, असे मी मनाला समजावले. पत्रिका सुरेखच असणार. तेव्हा या पत्राचे तुम्ही काही करायला नको, फक्त वाचून मनात ठेवावे. विहीणबाईंना नमस्कार, सतीशला आशीर्वाद.

तुमचा व्याही,
धोंडिराम शिवशरण

ता. क. पाकीट चिकटवायला खळ आणायला उठलो, तेवढ्यात चांगुणाने पिठाच्या हाताने ‘नेहमीसाठी’ दाबले. प्रश्न मिटला. छापखान्याने सोबत कळवलेले कुलपाचे आकडे मी टाकले आणि पत्रिका उघडली. पिंपळपानाची नक्षी आणि निळी किनार दोन्ही फार शोभतात.

ता. क. दुसरा. पत्रिका आता खरोखर वाचली. आमच्या वडिलांचे नाव ‘आयुष्मान रावजी’ असे आले आहे. ते जाऊन बरीच वर्षे झाली. आणि गेलेल्या माणसाच्या नावाआधी आपल्यात जो शब्द लावतात, तो ‘कालकथित’, एक ओळ खाली घसरून माझ्या नावाआधी बसला आहे. खाली ‘आपल्या स्वागतास उत्सुक’ मध्येही मी तसाच, कालकथित, सगळ्यात पुढे उभा आहे. वडिलांचे आणि माझे शब्द आपापल्या जागी करून घ्यावेत, एवढीच विनंती. छापून झाले असेल तर गुरुबसप्पांजवळ लगेच निरोप द्यावा.

ता. क. तिसरा. चांगुणाच्या नावाआधी मात्र ‘सौ.’ बरोबर आहे. ती म्हणते, ‘माझं सौ. ठिवलंय, म्हंजी छापखान्याला अजून थोडी आशा हाय.’ पण मला आता दुसरीच काळजी लागली आहे. ‘कालकथित धोंडिराम व सौ. चांगुणा’ हे जुळत नाही, हे छापखान्यातल्या एखाद्या हुशार माणसाच्या ध्यानात आले, आणि मुलीच्या वडिलांनी सगळे वाचून बरोबर म्हटलेय असे तुम्ही त्याला सांगितलेले असले, तर तो माझा शब्द तसाच ठेवून तिचा काढेल. तेवढे मात्र थांबवा. काढायचा शब्द माझ्या नावाआधीचा आहे.