कुंकवाखालचे सोनेरी दात

१४ सप्टेंबर २०२५
सासूबाईंचा पोळपाट पळवला! त्यावर दाराच्या बेलची चार बटणं बसवली — डावं, उजवं, गोळी, सुरू. शेजारी जुन्या कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय आणि पडदा. ह्यांच्या व्हिडिओ गेमचा बोर्ड तपासायला घरचंच यंत्र. मोबाइलवर वाचून वाचून जमवलं.
स्वयंपाकघरातून आवाज — "मन्हा पोळपाट कथा शे वं?" मी खोलीचं दार लोटलं.

१६ सप्टेंबर
हेमराज भाऊजी आले होते. धाकटे दीर, पण हुकूम थोरल्याचा. "वहिनी, दसरा लगून चालू व्हयनं ते ठीक. नही ते भंगारमा दी टाकसू. कापूस ठेवाले खोली पाहिजे."
हे ते गेमचं लाकडी धूड दरवर्षी सारंगखेड्याच्या यात्रेत न्यायचे. घोडे बघायला आलेली माणसं घोडे विसरायची! हे गेले, त्या वर्षीच बंद पडलं.

२१ सप्टेंबर
बेलचा बझर, सेल, दोन वायरी. एक टोक बोर्डावर इथे, एक तिथे. मधली वाट धड असली की — चीं! दिवसभर चीं चीं.
"घरमा चिड्या पाळ्या का वं?" — सासूबाई.

२५ सप्टेंबर
पॉवर ठीक. बटणं ठीक. पडदा काळाच.
एकच जागा राहिली. बोर्डाच्या कडेला दातांसारख्या सोनेरी पट्ट्या असतात. त्या खोबणीत बसल्या की गेम चालतो. दर दसऱ्याला हे मशीन उघडून कुंकवाचं ओलं बोट नेमकं तिथेच टेकवायचे. "मशीननं कपाळ हाईच शे!" शेवटच्या दसऱ्याचं बोट अजून दिसतं, रेघांसकट.
तेवढं सोडून सगळं तपासलं.

२६ सप्टेंबर
कुंकवावर वायर टेकवली. आवाज नाही. शेजारच्या दातावर — चीं! पुन्हा कुंकवावर. नाही.
म्हणजे ह्यांनीच! पूजा करकरून मशीन मारलं. खूप हसले. मग बसून राहिले.

२७ सप्टेंबर
हात लावला नाही. शेवभाजी केली.

२९ सप्टेंबर
खोडरबर घेतलं. हळूहळू घासलं. कुंकवाखाली हिरवा गंज होता. रबर लाल झालं, दात चकचकीत. बोट आता कुठेच नाही.
बोर्ड मशीनमध्ये बसवला. बटण दाबलं. विमान उडालं!
सासूबाई पिठाच्या हातांनी धावत आल्या. दोघींनी मिळून विमानं पाडली. जास्त त्यांनीच. खेळता खेळता त्यांना कुंकवाचं सांगितलं. पोळपाट मात्र विसरलेल्या नाहीत.

३० सप्टेंबर
भाऊजी उभ्या उभ्या एक डाव खेळले. मग बसून. कापूस ओसरीत ठेवणार म्हणे!

२ ऑक्टोबर, दसरा
हे गेल्यापासून पूजेचं कुंकू भाऊजी लावतात. मी मागे, दाराशी. आजही तिथेच होते. सासूबाईंनी भाऊजींच्या हातातला करंडा काढून घेतला आणि माझ्यापुढे धरला.
"बोर्डले नको हां. लाकूडले लाव."