ए.सी.ची मागची बाजू

६ एप्रिल
आलो एकदाचा बडोद्याला! कोयलीच्या कारखान्यात रात्रपाळीचा सुपरवायझर, आणि समा भागात सुहासिनीकाकूंकडे खोली. खोलीच्या खिडकीत चक्क ए.सी.! भुसावळचे सत्तावीस उन्हाळे अंगावर काढलेल्या माणसाला आणखी काय हवं? बॅग खाली ठेवायच्या आधी मी त्याच्यापुढे जाऊन उभा राहिलो. काकू साठीच्या, निवृत्त शिक्षिका, बोलता बोलता गुजरातीत शिरतात. खोली देताना अट काय, तर ए.सी.ची निगा मी राखायची आणि दिवसा झोपताना तो बंद ठेवायचा नाही. असली अट कुणी घालतं का? म्हटलं, काकू, तुमच्या तोंडात साखर पडो.

१४ एप्रिल
आज पहिल्यांदा ए.सी. धुतला. पुढचं झाकण उघडून जाळी काढली, नळाखाली जुन्या टूथब्रशनं घासली. काकू मागे उभ्या, परीक्षेला सुपरव्हिजन करावी तशा. उन्हात नको, वाकडी होते, सावलीत वाळव म्हणाल्या. मग आतल्या पातळ पत्र्यांवरून मऊ ब्रश फिरवला, वरून खाली. परत लावला आणि काय गारवा, अहाहा! खिडकीमागे काचा लावून बंद केलेली गॅलरी आहे. गरम हवा सगळी तिकडेच जाते. म्हटलं, तिथं भट्टी होत असेल. काकू म्हणाल्या, कबुतरं येतात म्हणून बंद केली, चालशे.

२२ एप्रिल
मागची बाजू धुवायची म्हणून काकूंनी आज गॅलरीचं कुलूप काढलं. आत खाट, खाटेवर एक म्हातारी. मी दचकलोच. काकूंच्या सासूबाई, येसूआजी. काकू म्हणाल्या, तिला थंडी सोसत नाही, इथं जरा ऊब मिळते. एप्रिलात? बडोद्यात? पण म्हटलं, घरच्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं. आजी माझ्या हातांकडे बघत राहिल्या. मी मागच्या जाळीतली धूळ काढली, फवारा मारला. ए.सी.चं पाणी ठिबकून फरशी ओली होत होती, खाली एक वाटी होती. काकूंच्या सांगण्यावरून नळी लावली आणि काचेच्या फटीतून बाहेर सोडली. आता थेंब सांडत नाही. काकूंनी खूश होऊन बासुंदी खाऊ घातली.

२५ एप्रिल
ए.सी.ला बाजूला एक छोटी कळ असते. ती ओढली की पलीकडची हवा आत येते. साफ करताना ती उघडीच राहिली होती. दुपारी त्यातून आवाज आला. पाणी. मग अगदी हळू विचारलं, वाटीत पडत होतं ते कुठं गेलं रे बाळा?

आजी ए.सी.चं पाणी पीत होत्या. आणि नळी मी लावली.

काकूंना विचारलं. म्हणाल्या, डॉक्टरांनी पाणी मोजून द्यायला सांगितलंय. तू झोप, तुला ड्यूटी आहे.

२९ एप्रिल
दोन दिवस ए.सी. बंद ठेवून झोपलो. झोपलो कसला, शिजलो. ड्यूटीवर डुलकी लागली, साहेबांनी सगळ्यांदेखत झापलं. आज परत लावला. आजी हाका मारतात. तांब्या घेऊन गेलो तर गॅलरीला कुलूप. काकूंकडे किल्ली मागितली, त्या भाजी निवडत बसल्या. मग मी — लिहायलाही लाज वाटते — कळ बंद केली. आवाज थांबला. पाच वाजेपर्यंत मेल्यासारखा झोपलो.

११ मे
पंचेचाळीस अंश. जाळी धुतली. कळीला हात लावला नाही.

१७ मे
आजी गेल्या. मी खांदा दिला. वजनच नव्हतं.

स्मशानातून आल्यावर काकूंनी शांतपणे सांगितलं, आधीचे तिन्ही भाडेकरू हळवे निघाले, सारखा ए.सी. बंद करायचे. तू बरा. तीस वर्षं तिनं मला स्वयंपाकघरात पंखा लावू दिला नव्हता.



२३ मे
झोप नाही. काकूंना म्हटलं, पोलिसात जातो. हसल्या. मशीन कुणी चालवलं? नळी कुणी लावली?

आईला फोनवर सगळं सांगितलं. कळीचंसुद्धा. मग म्हणाली, लाज नाही वाटली तुला? मी येते. त्या बाईला तोंडावर विचारते, मग आपण दोघं पोलिसात जाऊ. ती कुणाच्या बापाला भीत नाही.

काकू दारात होत्या. सगळं ऐकलं असणार. म्हणाल्या, येऊ दे की, सरस.

२६ मे
बदली माणूस आलाच नाही, दुपारपर्यंत कारखान्यात अडकलो. आईची गाडी सकाळी आठची. फोन उचलत नाही.

चार वाजता आलो. दारात आईच्या चपला. खोली बर्फासारखी. ए.सी. चालू — मी लावला नव्हता.

काकू पर्स घेऊन निघालेल्या. म्हणाल्या, प्रवासानं दमली बिचारी, मागं आडवी झालीय, सकाळपासून. आणि गेल्या. किल्ली घेऊन.

ए.सी. बंद केला. कळ ओढली. आई, आई — गरम वाफ आली तोंडावर, बाकी काही नाही. दार हलत नाही. ए.सी. ओढला, तसूभर सरकत नाही. खालचा चौकीदार पहार आणायला पळालाय. तोवर लिहितोय, नाहीतर डोकं फिरेल —

बांगड्या. पत्र्यावर बांगड्या आपटतायत. आहे! आई आहे! थांब गं, आलो, दोनच मिनिटं —

जिन्यात पावलं. पहार आली. बांगड्या अजून — थांबून थांबून — एक —

आता नाही —

आई, वाजव ना, एकदाच —